चर्चच्या शाळेतलं पुस्तकांचं कपाट

वसईच्या किनारपट्टीत जिथे चर्च, तिथे बहुधा शाळा. गिरीज, गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल या गावांतली मुलं घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलतात, चर्चमध्ये मराठीत प्रार्थना म्हणतात आणि त्यांच्या आईवडिलांनी मराठी शाळेत बाराखडी गिरवलेली असते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मराठीला असा लेखक देणाऱ्या समाजाच्या शाळांत पुस्तकांची कपाटं कुलूपबंद राहणं शोभत नाही.

अडचण पैशांची आहे आणि ती खरी आहे. समग्र शिक्षा योजनेत २०१८-१९ पासून शाळेच्या स्तरानुसार वाचनालयासाठी वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे, पण ती सरकारी शाळांसाठी. चर्चच्या शाळेची भिस्त व्यवस्थापन, पालक आणि माजी विद्यार्थ्यांवर. ग्रंथपाल अनेक ठिकाणी अर्धवेळ, कुठे एखाद्या शिक्षकाकडेच कपाटाची किल्ली. तरीही थोड्या पैशांत वाचनालय नव्याने उभं राहू शकतं. फक्त त्याची सुरुवात खरेदीपासून होत नाही, जुनी पुस्तकं काढण्यापासून होते.

कपाटातलं कुठलंही पुस्तक घ्या आणि मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहा. शेवटचा शिक्का दहा-बारा वर्षांपूर्वीचा असेल, तर मुलांनी आपलं मत कधीच दिलेलं आहे. ग्रहांची संख्या नऊ सांगणारा विज्ञानकोश २००६ पासून चुकीचा आहे. तेलंगण नसलेला नकाशासंग्रह २०१४ पासून कालबाह्य आहे. जुन्या अभ्यासक्रमाची मार्गदर्शकं, एकाच पुस्तकाच्या सात प्रती, समुद्राकाठच्या दमट हवेत कसर लागलेले खंड, हे सगळं जागा अडवून बसतं. चांगलं पुस्तक असतं, पण या गर्दीत ते मुलाच्या हाती लागत नाही.

मग ही पुस्तकं निघत का नाहीत? कारण प्रत्येकाला दाखल क्रमांक आहे, नोंदवहीत त्याची किंमत लिहिलेली आहे आणि तपासणीत एखादं कमी भरलं तर भरपाई आपल्याकडून होईल अशी भीती शिक्षकाला वाटते. ही भीती मुख्याध्यापकांनी आणि व्यवस्थापनानेच घालवायला हवी. निर्लेखनाची यादी करायची, समितीत ठराव करायचा, नोंदवहीत शेरा मारायचा. या कामाला एक पैसाही लागत नाही. वाचनालयाला वर्षभरात मिळणारी ही सर्वांत मोठी मदत आहे.

उरलेल्यांतली काही पुस्तकं दुरुस्त होतात. शिवण उसवलेली असेल तर पानं नीट जुळवून जाड दोऱ्याने शिवायची, कण्यावर पातळ सुती कापडाची पट्टी मैद्याच्या खळीने चिकटवायची आणि रात्रभर वजनाखाली ठेवायची. चिकटपट्टी मात्र लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद घेऊनच निघते. आठवी-नववीची मुलं हे काम झटकन शिकतात आणि हाताने शिवलेलं पुस्तक जपतातही.

आता खरेदी. समजा पंधरा हजार रुपये हाताशी आहेत. सरासरी शंभर रुपयांचं पुस्तक धरलं तर दीडशे पुस्तकं येतात. ती एकदम घेऊ नयेत. निम्मी रक्कम पहिली ते चौथीच्या चित्रपुस्तकांवर खर्चावी, कारण वाचनाची सवय त्याच वयात लागते. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका परवडणारी आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं मुलं पुन्हा पुन्हा मागतात. मोठ्यांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही चालतो. साने गुरुजींचं निधन १९५० चं, त्यामुळे साठ वर्षांची मुदत संपून २०११ पासून त्यांचं लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त झालं. ‘श्यामची आई’च्या स्वस्त आवृत्त्या म्हणूनच मिळतात. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’चे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी तर छापून घ्यायलाही परवानगी आहे. उरलेली रक्कम मुलांना काय हवं ते विचारून पुढच्या सत्रात खर्चावी.

कॅथलिक शाळेच्या वाचनालयाला आणखी एक कर्तव्य आहे. धर्माचा कप्पा म्हणजे फक्त जपमाळेच्या पुस्तिका नव्हेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. ते आता देवनागरीत उपलब्ध आहे. दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आहे. १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झालेले आणि १८६२ मध्ये संतपद मिळालेले गोन्सालो गार्सिया तर वसईचेच. हा वारसा मुलांच्या भाषेत कपाटात हवा आणि त्याच्या शेजारी तुकोबांची गाथा, बुद्धचरित्र, पैगंबरांचं चरित्रही हवं. इतर धर्मांतलं सत्य आणि पावित्र्य चर्च नाकारत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच जाहीर केलं आहे, आणि या शाळांच्या बाकांवर सर्व धर्मांची मुलं शेजारी-शेजारी बसतात.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. घर आवरताना निघालेले गठ्ठे शाळेला पाठवू नका. निर्लेखनाचं काम त्याने पुन्हा वाढतं. शाळेकडून हव्या असलेल्या पुस्तकांची यादी मागा आणि तिच्यातली दोन नवी पुस्तकं विकत घेऊन द्या. जमलं तर एखाद्या शनिवारी जाऊन त्यातलं एक मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. कपाटाला कुलूप न लावण्याचा निर्णय मुख्याध्यापकांचा आहे. त्यांनी तो आजच घ्यावा.