घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारा. तालुका तो नंतर सांगेल, आधी ‘आम्ही घाटावरचे’ किंवा ‘घाटाखालचे’ म्हणेल. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग पाडलेत. वर चिखली, मेहकर, लोणार. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव. बुलढाण्याहून निघालेली एसटी राजूर घाट उतरते, खिडकीतून येणारी हवा तापू लागते आणि कपाशीची काळी रानं सुरू होतात. पुढे खारपाणपट्टा. विहीर भरलेली असते, पण घोटभर पाणी पिववत नाही.

कापसासाठी इंग्रजांनी १८७० मध्ये खामगावला रेल्वे नेली. घाट मात्र ती आजवर चढली नाही. जिल्ह्याच्या मुख्यालयाला स्टेशन नाही आणि खामगाव–जालना मार्गाची मागणी करण्यात पिढ्या गेल्या.

इतिहासाचं माप मात्र घाटावर भरभरून पडलंय. साखरखेर्डा इथे १७२४ मध्ये निजामाने मोगल सुभेदार मुबारिझखानाला मारलं आणि हैदराबादचं राज्य उभं राहिलं. दक्षिणेचं सव्वादोनशे वर्षांचं राजकारण ज्या रानात ठरलं, ते शाळेच्या पुस्तकात ठळक यायला हवं होतं. जवळच सिंदखेडराजा, जिजाऊंचं माहेर. १२ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, त्यांचे वडील लखुजीराजांच्या वाड्यासमोर पाय ठेवायला जागा नसते. त्याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८५५. हा आकडा वाचताना आजही मान खाली जाते.

त्या जनगणनेत लोकसंख्या होती २५,८६,२५८; पाचांतले जवळपास चौघे खेड्यातले. लोकसभेची जागा २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होती. मुकुल वासनिक १९८४ मध्ये पंचविशीत इथूनच खासदार झाले. जागा खुली झाल्यावर २००९ पासून प्रतापराव जाधव सलग चारदा निवडून आले. घाटाखालचं मलकापूर मात्र रावेर मतदारसंघाला जोडलेलं.

राजा कोण, हा प्रश्न जिल्ह्यातल्या भेंडवळ गावच्या शेतातही, पाऊस-पिकाच्या भाकितासोबत, मांडला जातो. अक्षय्य तृतीयेला तिथे खड्ड्यात चार ढेकळं ठेवतात, पावसाचे चार महिने म्हणून. त्यांवर पाण्याची घागर, भोवती अठरा धान्यं, आणि राजगादीसाठी विड्याचं पान नि सुपारी. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे शेतकरी बांधावर दाटी करतात. पान हललं का, हे ते ऐकतात. पण आधी विचारतात, ढेकळं किती भिजली?