पुढचे चाक मागे बसेल काय?

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मोटारीच्या चाकाकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे काय? चाकाच्या मध्यभागी चार किंवा पाच नट एका वर्तुळावर सारख्या अंतराने बसवलेले दिसतात. हे नट काढले की चाक हातात येते. टायर पंक्चर झाला की ड्रायव्हर हेच करतो. जॅक लावतो, नट काढतो, स्टेपनी बसवतो आणि पुढे निघतो. स्टेपनी पुढच्या चाकाच्या जागी बसेल की मागच्या, असा प्रश्न त्याच्या मनातही येत नाही. ती चारही ठिकाणी बसणार हे त्याने गृहीत धरलेले असते.

पण ज्या गाडीत हे गृहीतच खोटे ठरते, अशी गाडी असू शकते काय? असू शकते. जुन्या मोटारी हौसेने जतन करणाऱ्यांना ही अडचण चांगली ठाऊक आहे. ती समजून घेताना भूमिती आणि यामिकी या दोन्ही विषयांची उजळणी होते, म्हणून आज आपण तिचाच विचार करू.

एका गाडीत दोन वर्तुळे

अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीचे नाव महाराष्ट्राला परके नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने या कंपनीशी करार करून १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी केली होती. याच क्रायस्लरने अमेरिकेत १९६० सालचे मॉडेल म्हणून ‘व्हॅलियंट’ ही आटोपशीर गाडी आणली. पुढे १९६३ पासून ‘डॉज डार्ट’ही त्याच कुटुंबात आली. या गाड्यांचे उत्पादन १९७६ मध्ये थांबले, पण हौशी मंडळींनी त्यांतल्या पुष्कळ गाड्या आजही चालत्या ठेवल्या आहेत.

या गाड्यांच्या प्रत्येक चाकाला पाच नट होते आणि ते ४ इंच, म्हणजे १०१.६ मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर होते. १९७३ च्या मॉडेलपासून पुढे डिस्क ब्रेक असलेल्या गाड्यांत हे वर्तुळ साडेचार इंचांचे, म्हणजे ११४.३ मि.मी.चे झाले. ज्या दांड्यांवर नट बसतात, त्यांना स्टड म्हणतात. त्यांची जाडीही ७/१६ इंचावरून १/२ इंच झाली.

आता समजा, एखाद्याजवळ १९६८ सालची डार्ट आहे आणि तिला चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक आहेत. त्याला पुढे डिस्क ब्रेक हवे आहेत. १९७३ नंतरच्या एखाद्या मोडीत निघालेल्या गाडीचे पुढचे भाग त्याच्या गाडीला बसतात. ते तो बसवतो आणि ब्रेक सुधारतात. पण आता पुढे साडेचार इंची वर्तुळ आणि मागे चार इंची! पुढचे चाक मागे बसत नाही, मागचे पुढे बसत नाही, आणि स्टेपनी कोणतीही घेतली तरी ती दोनच ठिकाणी उपयोगी पडते. टायर सारखे झिजावेत म्हणून पुढची चाके मागे आणि मागची पुढे घालण्याची सोयही गेली.

ब्रेक पुढेच का सुधारायचे?

धावत्या बसने अचानक ब्रेक लावला की आपण पुढे झुकतो. मोटारही तशीच नाकावर झुकते. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून काही उंचीवर असतो, तर ब्रेकचे बल जमिनीलगत टायरवर लागते. त्यामुळे परिबल निर्माण होते आणि मागच्या चाकांवरील भार काही अंशी पुढच्या चाकांवर जातो.

हिशेब करून पाहू. गाडीचे वस्तुमान १३०० कि.ग्रॅ., गुरुत्वमध्याची उंची ०.५५ मीटर, पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २.८ मीटर आणि मंदन दर सेकंदास दर सेकंदाला ७ मीटर धरा. सरकणारा भार म्हणजे १३०० × ७ × ०.५५ ÷ २.८, अर्थात सुमारे १८०० न्यूटन. उभ्या गाडीत पुढच्या दोन चाकांवर मिळून ७००० न्यूटन भार असेल, तर तो आता ८८०० न्यूटन होतो. एकूण भार सुमारे १२,७०० न्यूटन असल्यामुळे त्याचा दोनतृतीयांशाहून अधिक हिस्सा पुढे आला! गाडी थांबवण्याचे काम मुख्यतः पुढची चाके करतात ती यामुळे. म्हणून चांगले ब्रेक आधी पुढे बसवायचे, हा विचार योग्यच आहे.

चाक कशाने धरले जाते?

आता खरा प्रश्न. ब्रेक दाबला की चाकाला थांबवणारे परिबल हबमधून चाकात कसे जाते? बहुतेक जण सांगतील, ‘स्टड भोकांत अडकलेले असतात, ते चाकाला अडवतात.’ हे उत्तर चुकीचे आहे. चाक धरले जाते ते घर्षणाने.

नट आवळताना आपण खरे पाहता स्टडला किंचित ताणत असतो. ताणलेला स्टड स्प्रिंगप्रमाणे आखडू पाहतो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. हा दाब किती असतो? अभियंते एक सोपे सूत्र वापरतात: आवळण्याचे परिबल = ०.२ × ताण × स्टडचा व्यास. यातील ०.२ हा आकडा कोरड्या आट्यांसाठी अंदाजे धरतात. अर्धा इंच, म्हणजे ०.०१२७ मीटर जाडीचा स्टड ९० न्यूटन-मीटर परिबलाने आवळला, तर ताण येतो सुमारे ३५,४०० न्यूटन. म्हणजे एकेक स्टड साडेतीन टन वजनाइतक्या बलाने चाक दाबून धरतो! पाच स्टडांचा दाब मिळून १,७७,००० न्यूटन होतो.

चाक आणि हब यांच्यातील घर्षण गुणांक ०.१५ धरला, तर घर्षणाचे बल सुमारे २६,६०० न्यूटन येते. ते मध्यापासून साधारण ५७ मि.मी.वर लागते असे मानले, तर त्याचे परिबल सुमारे १५०० न्यूटन-मीटर होते.

आता ब्रेकचे परिबल काढा. पुढच्या एका चाकावर ४४०० न्यूटन भार, टायर व रस्ता यांच्यातील घर्षण गुणांक ०.८, टायरची त्रिज्या ०.३१ मीटर. गुणाकार येतो सुमारे ११०० न्यूटन-मीटर. हे १५०० पेक्षा कमी आहे. म्हणून करकचून ब्रेक लावला तरी चाक हबवर तसूभर घसरत नाही आणि स्टडांना आडवा धक्का बसत नाही.

पण नटांची पकड निम्मी झाली तर? मग घर्षणाचे परिबल ७५० वर येते. ते ११०० पुढे अपुरे पडते. चाक हबवर घसरू लागते, स्टड आडवे दाबले जातात आणि प्रत्येक फेऱ्यात वाकून पुन्हा सरळ होतात. ताशी ६० कि.मी. वेगाने हे चाक सेकंदाला साडेआठ फेरे, म्हणजे तासाला तीस हजारांहून अधिक फेरे घेते. लोखंडी तार एकदा वाकवून तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. धातूला येणारा हा शीण स्टडलाही येतो. एक स्टड तुटला की त्याचा भार इतरांवर पडतो, आणि मग चाक निखळायला वेळ लागत नाही.

‘जवळजवळ बसते’ म्हणजे काय?

चार इंची चाक साडेचार इंची हबवर बसवू म्हटले तर ते चढतच नाही. त्यामुळे त्यातून अपघात होत नाही. धोका आहे तो थोडक्यात चुकणाऱ्या जोड्यांचा. चार इंच म्हणजे १०१.६ मि.मी. काही गाड्यांचे वर्तुळ १०० मि.मी. असते. साडेचार इंच म्हणजे ११४.३ मि.मी., तर काहींचे ११२ मि.मी. असते. पहिल्या जोडीत त्रिज्येचा फरक फक्त ०.८ मि.मी. आणि दुसऱ्या जोडीत १.१५ मि.मी. आहे. भोके स्टडांपेक्षा थोडी मोठी असतात, म्हणून असे चाक ठोकून चढवता येते, नटही आवळले जातात आणि सारे ठीक वाटते.

वस्तुतः ते ठीक नसते. बहुतेक मोटारींच्या नटाचे टोक निमुळते असते आणि चाकाच्या भोकालाही तशीच निमुळती बैठक असते. नट तिच्यात शिरताना चाक आपोआप मध्यावर येते. भोक जागेवर नसेल, तर नट बैठकीला एकाच बाजूने टेकतो आणि स्टडला वाकवतो. पाना जड लागतो, पण ते जोर तिरक्या घासण्यातच खर्ची पडतात. स्टडमध्ये हवा तेवढा ताण येतच नाही. वर आपण पाहिलेली निम्मी पकड अशीच निर्माण होते. शिवाय स्टड आधीच वाकलेला असल्यामुळे शीण लवकर येतो. जे चाक मुळीच बसत नाही त्यापेक्षा जवळजवळ बसणारे चाक अधिक घातक, ते यामुळे.

पाच भोकांची भूमिती

म्हणून वर्तुळ अचूक मोजता आले पाहिजे. चार भोके असतील तर समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांतील अंतर हाच व्यास. पण पाच भोकांत समोर भोकच नसते! इथे त्रिकोणमिती कामी येते. शेजारच्या दोन भोकांत मध्याशी ७२ अंशांचा कोन होतो. म्हणून त्यांच्यातील अंतर = व्यास × साइन ३६ अंश = ०.५८८ × व्यास. उलट, ते अंतर मोजून १.७ ने गुणले की व्यास मिळतो. चार इंची वर्तुळात हे अंतर ५९.७ मि.मी., तर साडेचार इंचीत ६७.२ मि.मी. येते. १०० मि.मी.च्या वर्तुळात ते ५८.८ येते, म्हणजे चार इंचीपेक्षा जेमतेम १ मि.मी. कमी. नुसत्या पट्टीवर विसंबू नये ते म्हणूनच.

भोकाचा मध्य शोधणे अवघड असते. त्यावर युक्ती अशी की, एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजावे. भोके सारखी असतील तर हे अंतर मध्यांतील अंतराइतकेच असते.

मग उपाय कोणता?

एक उपाय म्हणजे मागे साडेचार इंची वर्तुळाचे नवे अ‍ॅक्सल आणि ड्रम बसवणे. तो खर्चिक आहे, पण सर्वांत निर्धोक.

दुसरा उपाय, मागच्या अ‍ॅक्सलची चकती व ड्रम यांत नवी पाच भोके पाडणे. नवे भोक जुन्याच्या रेषेतच बाहेरच्या बाजूला पाडले तर दोन मध्यांत फक्त पाव इंच अंतर राहते आणि भोके एकमेकांत शिरतात. पण नवे वर्तुळ ३६ अंशांनी फिरवले तर प्रत्येक नवे भोक दोन जुन्या भोकांच्या बरोबर मधोमध येते आणि अंतर जवळजवळ ३४ मि.मी. मिळते. मात्र चकती तेवढी रुंद हवी आणि काम यंत्रावरच व्हायला हवे. वर्तुळाचा मध्य अर्धा मि.मी. जरी चुकला, तरी १८ कि.ग्रॅ.चे चाक ताशी १०० कि.मी. वेगात सुमारे ७२ न्यूटन बलाने, सेकंदाला १४ वेळा, गाडीला हादरे देईल.

तिसरा उपाय म्हणजे मध्ये जाड चकती घालणे. तिच्या आतल्या बाजूला एक वर्तुळ आणि बाहेर दुसरे. पण तिच्यामुळे चाक सुमारे इंचभर बाहेर जाते, बेअरिंगवरील परिबल वाढते आणि आतले नट चाकामागे झाकले जातात. जे नट दिसत नाहीत, ते सैल झालेलेही कळत नाहीत.

चौथा उपाय अगदी साधा. १९७२ पर्यंतच्या काही गाड्यांना कारखान्यातूनच चार इंची वर्तुळाचे डिस्क ब्रेक मिळत. तसे भाग पुढे बसवले, तर मागे काही बदलावेच लागत नाही.

आट्यांचीही जुळणी

आणखी एक गोष्ट तपासावी लागते. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे तुम्हाला माहीत असेल. चालताना पायडल आपोआप सैल होऊ नये म्हणून ती योजना असते. क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांतही याच कारणासाठी डाव्या बाजूच्या चाकांना डावे आटे असत. निमुळत्या बैठकीच्या नटांना त्याची गरज नाही, असे अनुभवाने दिसून आले आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस ही पद्धत बंद झाली. आपल्या १९६८ च्या डार्टमध्ये मात्र आता डावीकडे पुढे उजवे आटे आणि मागे डावे आटे असतील. हे माहीत नसलेला मनुष्य मागचा नट काढण्यासाठी जोर लावील आणि तो अधिकच आवळत जाऊन शेवटी स्टड तुटेल. वर्तुळ जुळले म्हणजे सारे जुळले असे नव्हे. स्टडची जाडी, आट्यांची दिशा आणि नटाची बैठक हे सारे जुळले पाहिजे.

करून पाहा

पुठ्ठ्यावर १०१.६ आणि ११४.३ मि.मी. व्यासाची समकेंद्री वर्तुळे काढा. पहिल्यावर पाच बिंदू घ्या. दुसऱ्यावरही पाच घ्या, पण ३६ अंश फिरवून. प्रत्येक बिंदूभोवती अर्धा इंच व्यासाचे भोक काढून पाहा आणि दोन शेजारच्या भोकांत किती पुठ्ठा उरतो ते मोजा.

नंतर गावात एखादी जुनी विलीस पद्धतीची जीप असेल तर मालकाची परवानगी घेऊन तिच्या शेजारच्या दोन स्टडांतील अंतर मोजा. नट सैल करायचे नाहीत, केवळ मोजायचे. त्या जीपला पाच नट आणि साडेपाच इंचांचे वर्तुळ असते. मोजण्यापूर्वी उत्तर गणिताने काढा. ते ८२ मि.मी.च्या आसपास यायला हवे. पट्टीने मोजलेले आणि गणिताने काढलेले जुळले, तर पाच भोकांची भूमिती तुम्हाला समजली असे खुशाल समजा.