पॅड बांधून बसलेला मुलगा

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर क्रिकेटची मतं फुकट मिळतात. (1927 पर्यंत या मैदानाचं नाव माहीम पार्क होतं, त्यामुळे आम्हा माहीमकरांचा त्या कट्ट्यावर थोडा जास्तच हक्क.) त्यातलं एक जुनं, ठाम मत म्हणजे जो भारताकडून खेळला नाही तो भारताला काय शिकवणार? 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक उचलला. त्यांचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुझुमदार भारताकडून एकही सामना खेळलेले नाहीत.

1988 च्या हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची भागीदारी केली, तेव्हा त्यांच्यामागे पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. पाळी आलीच नाही. पुढे मुंबईकडून पदार्पणातच हरियाणाविरुद्ध 260 धावा, तेव्हाचा जागतिक विक्रम. कारकिर्दीत प्रथम श्रेणीच्या 11,167 धावा. पण भारताच्या मधल्या फळीत द्रविड, सचिन, गांगुली, लक्ष्मण ठाण मांडून बसलेले. दार उघडलंच नाही. खुद्द त्यांचे गुरू रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा फक्त एक सामना खेळले होते. बाकीचं आयुष्य स्कूटरवर पोरांना एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर पोचवण्यात आणि स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवण्यात गेलं.

नियमही कट्ट्याच्या बाजूने नाहीत. 2024 मध्ये पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकासाठी बीसीसीआयने जाहिरात दिली, तिच्यात 30 कसोटी किंवा 50 एकदिवसीय सामन्यांची अट होती खरी. पण पुढे आणखी काही 'किंवा' होते. प्रथम श्रेणी संघ किंवा आयपीएल संघ तीन वर्षं सांभाळलेला माणूस चालत होता, बोर्डाची लेव्हल तीनची परीक्षा पास झालेलाही चालत होता. लोक पहिल्या अटीपाशीच वाचायचं थांबतात.

दुसरा गैरसमज म्हणजे फलंदाजी प्रशिक्षक नेटमध्ये थ्रोडाऊन टाकतो आणि 'कोपर वर' ओरडतो. थ्रोडाऊन टाकायला आता वेगळी माणसं असतात. रणजीपर्यंत पोचलेल्या फलंदाजाचं कोपर बहुधा जागेवरच असतं. प्रश्न असतो तो समोरच्या गोलंदाजाविरुद्ध कुठला फटका खिशात ठेवायचा, हा. आणि हे सांगायचं कधी, हा त्याहून अवघड. खराब शॉटनंतर पॅड सोडणाऱ्या माणसाशी लगेच बोलायचं नसतं, एवढं तरी ड्रेसिंग रूममध्ये वर्षं काढलेल्याला कळतं.

खेळाच्या एकाच अंगापुरता प्रशिक्षक ही पद्धत फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये पास झेलणाऱ्या खेळाडूंपुरता वेगळा प्रशिक्षक असतो. तोही पुष्कळदा शिकता-शिकता मदतनीस म्हणून सुरुवात करतो आणि नोकरीमागे गावं बदलत राहतो.

गावं बदलणं आपल्यालाही चुकलेलं नाही. 'मुंबईचा कोच मुंबईचा' हा तिसरा गैरसमज त्यामुळेच फोल. मुझुमदार राजस्थान रॉयल्सचे फलंदाजी प्रशिक्षक होते, 2019 मध्ये भारत दौऱ्यावर आलेल्या दक्षिण आफ्रिकेचेही. ती कसोटी मालिका आफ्रिका 3-0 हरली. 2021 मध्ये मुंबईचं मुख्य प्रशिक्षकपद, 2023 च्या ऑक्टोबरात महिला संघ. विश्वचषकात साखळीतले लागोपाठ तीन सामने गेले तेव्हा कट्ट्याचा आवाज पुन्हा चढला होता.

चंद्रकांत पंडित यांचा प्रवास तर आणखी वळणांचा. तेही आचरेकर सरांचेच. प्रशिक्षक म्हणून मुंबईला रणजी जिंकून दिली, मग विदर्भाला लागोपाठ दोनदा, मग मध्य प्रदेशला. 1999 मध्ये मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर अंतिम सामना हरले होते. 2022 च्या जूनमध्ये त्याच मैदानावर मध्य प्रदेश पहिल्यांदा विजेता ठरला. हरलेला संघ मुंबईचा होता, आणि त्याच्या प्रशिक्षकाच्या खुर्चीत बसले होते अमोल मुझुमदार.