काचेच्या पेटीतील शेजार

जयपूर हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, वाळवंटाच्या उंबरठ्यावर वसलेले शहर आहे. अशा ठिकाणी एखाद्या घरात खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी मांडायची ठरली, तर समुद्राचा एक लहानसा तुकडाच तेथे नव्याने घडवावा लागतो. गोड्या पाण्यातील गप्पी किंवा गोल्डफिश यांच्या पेटीपेक्षा हे काम निराळे आहे. गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बहुतांशी तळ्यांत वा हौदांत पैदास केलेले असतात. प्रवाळांच्या परिसरातील रंगीत मासे मात्र अजूनही मोठ्या प्रमाणावर समुद्रातूनच पकडून आणले जातात. चुकीची निवड झाली, की खडकांच्या कपारीत अनेक वर्षे जगू शकला असता असा जीव काही आठवड्यांतच मरतो. म्हणूनच कोणता मासा कोणाच्या शेजारी ठेवावा, याचा विचार पैसे मोजण्यापूर्वी करायचा असतो.

प्रथम पाण्याविषयी थोडे पाहू. जयपूरच्या पश्चिमेस सुमारे ७०-८० किलोमीटरवर सांभर हे खाऱ्या पाण्याचे प्रसिद्ध सरोवर आहे. मग तेथील मीठ आणून पाण्यात विरघळवले तर काय बिघडले, असा प्रश्न सहज मनात येतो. समुद्राच्या एक लीटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत सोडियम व क्लोराइड यांचा वाटा मोठा असला, तरी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सल्फेट हेही ठरावीक प्रमाणात असतात. आपल्या स्वयंपाकघरातील मीठ म्हणजे जवळजवळ केवळ सोडियम क्लोराइड. सांभरच्या पाण्यात तर कॅल्शियम व मॅग्नेशियम नगण्यच असते. तेव्हा मत्स्यपेटीसाठी तयार केलेले सागरी मिश्रणच वापरावे लागते आणि ते आर.ओ. यंत्रातून गाळलेल्या पाण्यात विरघळवावे लागते. शिवाय मे-जूनमध्ये जयपूरचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, तर या माशांना २५ ते २७ अंशांचे पाणी मानवते. पाणी थंड ठेवणारे यंत्र आणि वीज गेल्यावर हवेचा पंप चालू ठेवण्याची सोय यांचा खर्च आधीच धरावा. ज्याला तो परवडत नाही, त्याने गोड्या पाण्याची पेटी ठेवावी. त्यात काही उणेपणा नाही.

पाणी तयार झाले, म्हणजे लगेच मासे सोडायचे नसतात. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया हे विषारी द्रव्य तयार होते. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू खडकांवर व वाळूत वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात पेटी रिकामी दिसते आणि घरातील मंडळी अधीर होतात. पण बाजारात मिळणाऱ्या चाचणी-संचाने अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबणे, हीच माशांच्या स्वागताची खरी तयारी होय.

प्रवाळांविषयी कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक रचणारे प्रवाळ व समुद्रघोडे यांचा समावेश आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून किंवा कच्छच्या आखातातून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा ठरतो. त्यामुळे घरच्या पेटीत कृत्रिम खडकांची रचना करणे योग्य. माशांना हवी असते ती कपार. ती कशाची बनली आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. माशांचे परस्परांशी जमणे म्हणजे काय? समुद्रात एका माशाने दुसऱ्याचा पाठलाग केला, तर दुसरा दूर निघून जातो आणि भांडण तेथेच मिटते. पेटीत पळायला जागाच नसते. मार खाणारा मासा कोपऱ्यात दबून राहतो, अन्नापर्यंत पोहोचत नाही आणि अखेर रोगाला बळी पडतो. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात अनेक मराठी कुटुंबांनी सागरी मासे प्रथम पाहिले. तेथे सारे मासे एकाच हौदात न ठेवता वेगवेगळ्या टाक्यांत ठेवलेले असत. ती केवळ प्रेक्षकांची सोय नव्हती.

भांडण बहुधा सारख्यांत होते. एकाच आकाराचे, एकाच रंगाचे, एकच अन्न खाणारे आणि एकाच प्रकारच्या कपारीत राहणारे मासे एकमेकांना प्रतिस्पर्धी मानतात. म्हणून एक मासा तळाशी वावरणारा, एक मधल्या थरात पोहणारा, एक खडकाच्या आडोशाने राहणारा, अशी निवड केल्यास शेजार निभावतो. निळ्या रंगाचे, चपळ डॅमसेल मासे स्वस्त व काटक असतात, म्हणून नवशिक्याला ते हमखास सुचवले जातात. हा सल्ला माझ्या मते टाळावा. डॅमसेल एकदा स्थिरावला, की साऱ्या पेटीवर हक्क सांगतो आणि मागाहून आलेल्या प्रत्येकाला हुसकावतो. खडकांतून त्याला पकडून बाहेर काढणेही अवघड जाते.

नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊन, म्हणजेच विदूषक मासा, नव्या पेटीसाठी चांगला. त्याची कुटुंबव्यवस्था मोठी विलक्षण आहे. यातील प्रत्येक मासा आरंभी नर म्हणून वाढतो. गटातील सर्वांत मोठा व वरचढ मासा मादी बनतो आणि त्याच्या खालचा तिचा जोडीदार ठरतो. मादी मेली, तर हा जोडीदारच पुढे मादी होतो. त्यामुळे दोन लहान क्लाऊन एकत्र आणल्यास त्यांची जोडी आपोआप जमते. त्यांपैकी नर कोणता व मादी कोणती, हे दुकानदाराला विचारण्याची गरज नाही. तिसरा आणला, तर लहान पेटीत त्याचे हाल होतात. समुद्रात क्लाऊन समुद्रफुलांच्या आश्रयाने राहतो, पण पेटीत त्यांच्याविनाही तो सुखाने जगतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीचे तंत्र आपल्या देशात विकसित केले आहे. पैदास केलेला मासा मिळत असेल, तर तोच घ्यावा: तो पेटीतील अन्नाला सरावलेला असतो आणि त्याच्यासाठी समुद्र रिता होत नाही.

२००३ साली प्रदर्शित झालेल्या ‘फाइंडिंग नीमो’ या चित्रपटामुळे क्लाऊनबरोबर निळा टँग मासाही लहान मुलांचा लाडका झाला. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा टँग पुढे सुमारे ३० सेंटीमीटर वाढतो व त्याला पोहायला लांबलचक जागा लागते. दोनशे लीटरच्या पेटीत त्याला ठेवू नये. सिंहमासा दिसायला राजबिंडा, पण तोंडात मावेल तो शेजारी गिळतो आणि त्याचे काटेही विषारी असतात. फुलपाखरू माशांच्या अनेक जाती प्रवाळांचे जीवच खातात. मँडरिन हा नक्षीदार मासा कोणाशीही भांडत नाही, तरी तो नव्या पेटीत नको, कारण खडकांवरील अतिसूक्ष्म जीव हे त्याचे अन्न असते आणि नव्या पेटीत ते नसल्याने तो उपाशी मरतो.

मग दोनशे लीटरच्या पेटीत कोण असावे? एक फायरफिश, पिस्तूल कोळंबीसह एक गोबी आणि शेवटी क्लाऊनची जोडी, एवढे पुरेसे आहे. गोबी व ही कोळंबी एकाच बिळात राहतात. कोळंबीची दृष्टी अधू असते. ती बीळ खणते आणि गोबी दाराशी पहारा देतो. फायरफिश घाबरला की उडी मारतो, म्हणून पेटीवर जाळीचे झाकण हवे. भित्रा मासा आधी आणि वरचढ मासा सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नये. दोन आगमनांत दोन-तीन आठवड्यांचे अंतर असावे आणि नवा मासा आधी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवून तो निरोगी असल्याची खात्री करावी. दुकानात असतानाच तो अन्न खातो का, हे आपल्यासमोर पाहून घ्यावे.

नवा मासा सोडताना दिवा बंद ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी अन्न घालून थोडा वेळ निरखत बसावे. कोणी सतत कोपऱ्यात असेल, तर मार खाणाऱ्याला नव्हे, मारणाऱ्याला काही दिवस वेगळ्या टाकीत हलवावे. दरम्यान खडकांची मांडणी बदलावी. तो परत येतो तेव्हा त्याचा जुना मुलूख नाहीसा झालेला असतो आणि इतरांनी आपापल्या जागा धरलेल्या असतात.