पिस्तुलाची गोळी थांबते कुठे?

अमेरिकेतल्या बहुतेक घरांच्या आतल्या भिंती विटांच्या नसतात. लाकडी चौकट उभी करायची, तिच्या दोन्ही अंगांना जिप्समचे अर्धा इंच जाडीचे तक्ते ठोकायचे, की झाली भिंत. तिला तिथे ड्रायवॉल म्हणतात. पिस्तुलाची गोळी अशी भिंत सहज पार करते, आणि तिच्यामागची दुसरी-तिसरीही करू शकते. दिवाणखान्यात झाडलेली गोळी मुलांच्या खोलीत पोचू शकते. घराच्या रक्षणासाठी पिस्तुलात कोणते काडतूस भरावे, हा प्रश्न तिथल्या बंदुकीच्या दुकानांत रोज विचारला जातो. माझ्या मते त्याचे उत्तर या भिंतीपासून सुरू व्हायला हवे.

हा प्रश्न तिथे इतका सर्रास का, तेही सांगायला हवे. 2008 साली ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणे हा नागरिकाचा घटनादत्त हक्क आहे. त्यामुळे तिथे कायमचे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसमोरही ही निवड कधी ना कधी येते, आणि इथे वाढलेल्या माणसाला तिची काहीच पूर्वतयारी नसते.

पितळी कवच, त्याच्या बुडाला ठिणगी देणारा प्राइमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, असे मिळून काडतूस होते. निवडायची असते ती मुख्यतः गोळी. सरावासाठी वापरतात ती स्वस्त गोळी म्हणजे शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे अखंड आवरण. ती आकार न बदलता सरळ घुसत जाते. 9 मिलिमीटरची अशी गोळी माणसाच्या शरीरातून आरपार जाऊन पलीकडच्यालाही लागू शकते. दुसरा प्रकार हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेली गोळी. शरीरात शिरताच खळग्यात दाब वाढतो, टोक पाकळ्यांसारखे मागे वळते, गोळीचा व्यास सुमारे दीडपट होतो, ती लवकर मंदावते आणि बहुधा आतच थांबते.

ऐकायला हे क्रूर वाटते, आणि त्या भावनेला इतिहास आहे. तो थेट आपल्या देशातला आहे. 1895 च्या चित्रळ मोहिमेत ब्रिटिश सैनिकांची तक्रार होती की, नव्या .303 रायफलीची गोळी लागूनही शत्रू चालून येतो. मग कोलकात्याजवळच्या डमडम शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकावरचे आवरण कमी केलेली, शरीरात पसरणारी गोळी बनवली. आज कोलकात्याचा विमानतळ आहे तो परिसर हाच. ‘डमडम’ हे नाव जगभर झाले, आणि 1899 च्या हेग परिषदेने शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असे जाहीर केले. अमेरिकेने ती घोषणा स्वीकारली नाही. पण मुद्दा वेगळा आहे. ती बंदी राष्ट्रांमधल्या युद्धापुरती होती. वस्तीत काम करणाऱ्या पोलिसांचे गणित उलट निघाले. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी 1998 साली हॉलो पॉइंट गोळ्या घ्यायचे ठरवले, कारण अखंड आवरणाच्या गोळ्या लक्ष्याच्या आरपार जाऊन बघ्यांना लागत होत्या. रणांगणावर निषिद्ध ठरलेली गोळी भरवस्तीत कमी धोक्याची ठरते, हे पचायला जड जाते. तरी खरे तेच आहे.

आज दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांचे मोजमाप ज्यावरून ठरले, ती घटना 11 एप्रिल 1986 ची. मायामीत एफबीआयच्या आठ जणांनी दोन सशस्त्र दरोडेखोरांना अडवले. चकमकीच्या सुरुवातीलाच 9 मिलिमीटरची एक हॉलो पॉइंट गोळी मायकेल प्लॅट या दरोडेखोराच्या उजव्या दंडातून छातीत शिरली, फुप्फुस फाटले, पण हृदयाच्या अलीकडे ती थांबली. जखम प्राणघातक होती, तरीही त्यानंतर प्लॅट लढत राहिला. बेन ग्रोगन आणि जेरी डव्ह हे दोन अधिकारी मारले गेले, पाच जखमी झाले.

या चकमकीनंतर एफबीआयने गोळ्यांची चाचणी शिस्तीत बांधली. लष्करी शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगशाळेत दाखवून दिले होते की, दहा टक्क्यांचे थंड जिलेटिन स्नायूंना बऱ्यापैकी जुळते. त्याच जिलेटिनवर, कधी उघड्यावर, कधी जाड कपड्यांचे थर, ड्रायवॉल, प्लायवुड, पत्रा किंवा गाडीची काच मध्ये ठेवून गोळ्या झाडायच्या. गोळी किमान 12 इंच आत गेली पाहिजे आणि 18 इंचांपलीकडे जाऊ नये. माणसाची छाती एवढी खोल नसते, मग 12 इंच कशाला? कारण गोळी समोरूनच लागेल असे नाही. आधी दंड, मग बरगडी, मग छाती, असाही तिचा मार्ग असतो. वरची 18 इंचांची मर्यादा पलीकडच्या माणसासाठी आहे.

घरासाठी गोळी घेताना पाकिटावरच्या भडक नावांपेक्षा या चाचणीचे निकाल पाहावेत, विशेषतः जाड कपड्यांमागचे. हिवाळी जाकिटाचे तंतू खळग्यात अडकले की जुन्या घडणीच्या गोळ्या उमलतच नाहीत. स्पीयरची गोल्ड डॉट किंवा फेडरलची एचएसटी यांसारख्या नव्या गोळ्या हे ध्यानात घेऊन बनवलेल्या आहेत. वजन ग्रेनमध्ये मोजतात. 9 मिलिमीटरमध्ये 115, 124 आणि 147 ग्रेन ही नेहमीची वजने, म्हणजे साधारण साडेसात ते साडेनऊ ग्रॅम. यांतले कोणते सरस यावर लोक तावातावाने वाद घालतात. चाचणीत उतरलेली गोळी असेल तर त्या वादाला मी फारसे महत्त्व देत नाही.

मोठ्या तोंडाच्या पिस्तुलाचा मोहही आवरावा. मायामीनंतर एफबीआय आधी 10 मिलिमीटरकडे, मग .40 कडे वळली आणि गेल्या दशकात पुन्हा 9 मिलिमीटरवर आली. गोळ्या सुधारल्या होत्या, आणि कमी धक्क्याचे पिस्तूल बहुतेकांच्या हातात अधिक स्थिर राहते. सिनेमात गोळी लागलेला माणूस मागे फेकला जातो, तसे होत नाही. तेवढा जोर गोळीत असता तर झाडणाराही तितकाच मागे फेकला गेला असता.

हॉलो पॉइंट घेतली म्हणजे घरचे सुरक्षित झाले, असा समज मात्र फार घातक आहे. शरीराला लागलेली गोळी ती बहुधा आत थांबवते; चुकलेली गोळी नाही. ड्रायवॉलमधून जाताना खळग्यात जिप्समचा भुगा भरला की ती अखंड गोळीसारखीच पुढे जाते. आणि गोळ्या चुकतात. प्रशिक्षित पोलिसांच्याही खऱ्या चकमकींत अनेकदा निम्म्याहून अधिक चुकतात. भिंतीवर आपटून भुगा होणाऱ्या गोळ्या किंवा बारीक छर्ऱ्यांची काडतुसे हा त्यावर तोडगा म्हणून विकला जातो, पण त्यांतल्या बऱ्याच शरीरातही उथळच जातात. भिंत न भेदणारी आणि हल्लेखोराला खात्रीने थांबवणारी गोळी अजून कोणी बनवलेली नाही. म्हणून घरात कुठे उभे राहायचे, कोणत्या दिशेला गोळी झाडायचीच नाही, मुलांना कोणत्या खोलीत न्यायचे, हे आधी ठरवावे.

निवडलेले काडतूस आपल्याच पिस्तुलातून पुरेसे झाडून पाहावे. काही पिस्तुलांत खळग्याचे टोक आत सरकताना अडकते. तेच काडतूस पुन्हा पुन्हा नळीत चढवले-उतरवले तर गोळी कवचात मागे दबते आणि झाडताना दाब धोकादायक वाढू शकतो. असे काडतूस बाजूला काढावे.

कायदा राज्यागणिक बदलतो. मराठी वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सीत हॉलो पॉइंट गोळ्या राहत्या घरात ठेवता येतात, पण घराबाहेर बाळगण्यावर कडक निर्बंध आहेत. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी तर आधी हे वाचावे: अमेरिकी संघीय कायद्यानुसार, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर अशा व्यक्तीने पिस्तूलच काय, एक काडतूस बाळगणेही गुन्हा आहे. मित्रासोबत नेमबाजीला गेल्यावर बॅगेच्या कप्प्यात एखादे काडतूस राहिले आणि ती बॅग घेऊन मुंबईला उतरलात, तर 1959 चा शस्त्र कायदा लागतो. ते जाणूनबुजून जवळ ठेवले होते का, हे न्यायालय पाहते. पण तिथवर पोचेपर्यंत बराच मनस्ताप झालेला असतो.

आता सर्वांत जड गोष्ट. 2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसे मेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक, 26,328, आत्महत्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या मोठ्या पाहणीवरचा 2020 चा वैद्यकीय अभ्यास सांगतो की, पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचे प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे आठपट होते. स्त्रियांत ते सुमारे पस्तीसपट होते. चोराच्या भीतीने आणलेले काडतूस घरातल्याच निराश माणसाच्या किंवा अजाण मुलाच्या हाती लागण्याची भीती ही अशी आकड्यांत दिसते. घरात कोणी खचलेले असेल, तर त्या काळात पिस्तूल आणि काडतुसे दोन्ही घराबाहेर, कायदेशीर मार्गाने दुसऱ्याच्या ताब्यात द्यावीत. एरवीही पिस्तूल झटकन उघडता येणाऱ्या, पण घट्ट कुलूपबंद पेटीतच असावे.

आणि ज्यांच्या घरी बंदूक नाही, त्यांनाही एक सांगणे आहे. अमेरिकेत तुमचे मूल मित्राच्या घरी खेळायला किंवा रात्री राहायला जाणार असेल, तर तिथल्या आईवडिलांना आधी विचारा: घरात बंदूक आहे का, ती कुलपात आहे का, काडतुसे वेगळी ठेवली आहेत का? अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही पालकांना हे विचारायला सांगतात. भिडेखातर हा प्रश्न टाळू नका.