लघुउद्योगांची सुरक्षा आणि शासकीय अनुदान

मराठीत ‘सुरक्षा’ हा शब्द दोन निरनिराळ्या गरजांचा वाचक आहे. ४ मार्चला पाळला जाणारा राष्ट्रीय सुरक्षा दिन अपघात टळावेत म्हणून असतो. कारखान्याच्या फाटकावर उभा असलेला सुरक्षा रक्षक मात्र चोराचिलटांसाठी असतो. पहिल्या अर्थी ‘सुरक्षितता’ व दुसऱ्या अर्थी ‘संरक्षण’ असा भेद करता येईल. परंतु ‘संरक्षण’ म्हणताच वाचकास सैन्य आठवते, हीही अडचण आहेच. एरवी संदर्भाने अर्थ उलगडतो व कोणाचे काही अडत नाही. हाच शब्द अनुदानाच्या नियमांत आला म्हणजे मात्र ह्या द्व्यर्थतेची किंमत रुपयांत मोजावी लागते.

नागपूरनजीकच्या हिंगणा, बुटीबोरी वा कळमेश्वर येथील लहान कारखानदारावर आज जे संकट येते, ते पुष्कळदा भिंत फोडून येत नाही. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावे ई-मेल येतो, बँकेतील खाते बदलल्याचे त्यात कळविलेले असते आणि मालाची रक्कम भलत्याच खात्यात जमा होते. किंवा हिशेबाच्या संगणकातील नोंदी कोणी दूर बसून कुलूपबंद करतो व खंडणी मागतो. इतवारीतील ठोक व्यापारीही ह्या भयापासून मुक्त नाही. मोठ्या कंपनीत अशा कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. दहा माणसांच्या कारखान्यात तो भार हिशेबनिसावर पडतो.

२८ एप्रिल २०२२ ह्या एकाच दिवशी केंद्र शासनाकडून ह्या वर्गासंबंधी दोन गोष्टी घडल्या. ‘सर्ट-इन’ ह्या संस्थेने आदेश काढला, की संगणकीय आक्रमणाची वर्दी सहा तासांच्या आत द्यावी व यंत्रणेतील व्यवहारांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात. लघुउद्योगांना ह्यासाठी पुढे २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत मिळाली. पैसा मिळाला नाही. त्याच दिवशी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने ‘झेड’ प्रमाणन योजना नव्या स्वरूपात सुरू केली. तिच्यात कांस्य, रौप्य व सुवर्ण ह्या पातळ्यांचे शुल्क अनुक्रमे १०, ४० व ९० हजार रुपये ठरले आणि सूक्ष्म उद्योगास ८०, लघुउद्योगास ६० व मध्यम उद्योगास ५० टक्के अनुदान मिळू लागले.

कांस्य पातळीच्या पाच निकषांत ‘सुरक्षा’ आहे. पण ती कामाच्या जागेची, म्हणजे अपघातापासूनची. जोखमीच्या व्यवस्थापनाचा निकष सुवर्ण पातळीवरच, वीस निकषांमध्ये, भेटतो. हिशेबाचा संगणक सांभाळणे हा स्वतंत्र निकष कोणत्याच पातळीवर नाही. योजना उत्पादक उद्योगांसाठी सुरू झाल्याने इतवारीचा व्यापारी तर दाराबाहेरच राहिला. एका हाताने जे कर्तव्य लादले, त्याचा खर्च दुसऱ्या हाताने दिलेल्या साह्यात बसत नाही, असा हा प्रकार होय.

‘अनुदान’ हा शब्दही तितकाच फसवा आहे. ‘झेड’मध्ये त्याचा अर्थ शुल्कात सूट असा होतो. ह्यापूर्वीच्या आयएसओ प्रमाणपत्रविषयक योजनेत तो परतावा होता: उद्योजकाने आधी पूर्ण खर्च करावयाचा, मग त्याच्या ७५ टक्के, परंतु ७५ हजार रुपयांहून अधिक नाही, इतकी रक्कम परत मिळावयाची. ज्याच्या गाठीशी पैसा आहे त्यालाच हे परवडते. राज्य शासनाच्या १९६४ पासूनच्या सामूहिक प्रोत्साहन योजनांचा मूळ हेतू निराळाच, उद्योग मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर पसरावेत असा होता. नागपूरला त्याचा लाभ झाला, पण तो कारखाना कोठे उभा राहतो यासाठी.

सिंगापूरने २०२३ पासून लहान उद्योगांना संगणक-सुरक्षेचा सल्लागार नेमण्याच्या खर्चात ७० टक्क्यांपर्यंत साह्य देऊ केले. तेथे अनुदानाचा विषय माणूस आहे, प्रमाणपत्र नव्हे. बुटीबोरीच्या हिशेबनिसाला सहा तासांत वर्दी कशी द्यावी हे सांगणारा असा कोणी मिळावयाचा, तर त्याचे वेतन कोणत्या शीर्षाखाली मागावे, ह्याचे उत्तर ‘झेड’च्या निकषांत सापडत नाही.