निवडणुकीचा जमाखर्च
लेखांक सहावा : देणगीदाराचे नाव

मुंबई, पुणे व नागपूर येथील महानगरपालिकेच्या उमेदवारास 15 लाख आणि 'अ' वर्ग नगरपरिषदेच्या सदस्यपदाच्या उमेदवारास 5 लाख रुपये खर्च करण्याची मुभा राज्य निवडणूक आयोगाने 2025 साली दिली, इथपर्यंत मागील लेखांकात आपण आलो होतो. उमेदवाराने किती खर्चावे हे ठरवून देणारी व्यवस्था आपल्याकडे आहे. पण तो पैसा कोणाचा, हा प्रश्न त्याच आग्रहाने विचारला जात नाही, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पुष्कळशा व्याधींचे मूळ माझ्या मते या उपेक्षेतच आहे.

या उपेक्षेला इतिहास आहे. 18 मे 1882 रोजी लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा सुप्रसिद्ध ठराव प्रसिद्ध केला. त्यानंतर पुढच्याच वर्षी, म्हणजे 1883 साली, ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या निवडणुकांतील खर्चास कायद्याने मर्यादा घातली आणि लगोलग 1884 मध्ये नगरपालिकांच्या निवडणुकांनाही तसाच निर्बंध लावला. त्या कायद्यांपुढे मुख्यतः धनिक उमेदवार होता. आपल्या संपत्तीच्या बळावर मते विकत घेणाऱ्यास आवरावे, एवढ्यासाठी खर्च मोजला जाई. उमेदवार स्वतः निर्धन आणि त्याच्या पाठीशी उभा राहणारा मक्तेदार मात्र गब्बर, हे चित्र त्या मांडणीच्या केंद्रस्थानी नव्हते. पुढे 1920 साली भारतीय दंडसंहितेत निवडणुकीच्या अपराधांचे प्रकरण घालण्यात आले, तेव्हा उमेदवाराच्या लेखी अनुमतीवाचून त्याच्या प्रचारार्थ पैसा खर्चणाऱ्या इसमास शिक्षेची तरतूद झाली, आणि हिशेब न ठेवणारासही झाली. हीच कलमे आज भारतीय न्याय संहितेत 176 व 177 या क्रमांकांनी नांदत आहेत. दंड अनुक्रमे 10,000 व 5,000 रुपयांपर्यंत. लक्षावधींची उलाढाल करणाऱ्यास या दंडाची धास्ती कितीशी वाटणार, हे सांगावयास नको.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. एखाद्या नगरपरिषदेच्या प्रभागात उमेदवाराची कोपरा सभा भरते. मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, दोन जीपगाड्या, कार्यकर्त्यांचा चहा आणि वडापाव यांची नोंद खर्चाच्या पत्रकात होते. दरही निवडणूक अधिकाऱ्यांच्या दरसूचीप्रमाणे लावलेला असतो, आणि कागदावर सारे यथास्थित दिसते. परंतु मंडपवाल्याने बिल पाठविलेच नाही, जीपगाड्या ज्याच्या दारच्या त्याने भाडे घेतले नाही, आणि पत्रके छापून देणाऱ्याचे पैसे तिसऱ्याच कोणी परस्पर चुकते केले, हे त्या पत्रकावरून कळावयास मार्ग नसतो. रोकड रकमेपेक्षा अशा वस्तुरूप देणगीचा माग काढणे अधिक कठीण. म्हणूनच मिंधेपणा निर्माण करण्यास ती अधिक उपयोगी. निवडणूक सरली की वर्ष-दोन वर्षांत त्याच प्रभागातील गटाराचे अथवा रस्त्याच्या डांबरीकरणाचे काम निघते, निविदा उघडतात, आणि त्या जीपगाड्यांचा धनी निविदाकारांच्या यादीत आढळतो. लोकसभेच्या उमेदवाराचा देणगीदार आणि सरकारी काम यांच्यामध्ये दिल्लीपर्यंतचे अंतर असते. प्रभागात ते अंतर एका गल्लीचे असते.

यासंबंधी आपल्या कायद्यातील एक विसंगती मला फार खटकते. 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 10 अन्वये, पालिकेच्या कोणत्याही ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा अथवा भागीदाराचा हितसंबंध असलेला इसम नगरसेवक राहण्यास अपात्र ठरतो. नगरपरिषदांना व ग्रामपंचायतींनाही अशीच तरतूद लागू आहे. म्हणजे मक्तेदाराने सभागृहात बसू नये, याची दक्षता विधिमंडळाने घेतली. पण मक्तेदाराच्या पैशावर निवडून आलेल्याने तेथे बसावे की नाही, याविषयी मात्र हे कलम मौन धारण करते.

पक्षाच्या वाटेने येणारा पैसा हा या प्रश्नाचा दुसरा पदर. 3 ऑक्टोबर 1974 रोजी कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच नावे धरावा असा निर्णय दिला, आणि त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून तो निष्प्रभ केला. ही पळवाट 2003 साली बरीचशी बुजविण्यात आली. पुढे 15 फेब्रुवारी 2024 रोजी निवडणूक रोखे रद्द करताना घटनापीठाने असे प्रतिपादिले की, राजकीय पक्षास पैसा कोण देतो हे जाणणे हा मतदाराच्या घटनादत्त हक्काचा भाग आहे. राष्ट्रीय पक्षाच्या बाबतीत जो हक्क मान्य झाला, तो आपल्या आळीतील नगरसेवकाच्या बाबतीत मतदाराला का नसावा?

नवा कायदा होईतो हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. निकालापासून 30 दिवसांच्या मुदतीत खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. मुदतीत 'व विहित रीतीने' तो न देणाऱ्या ग्रामपंचायतीच्या उमेदवारास, समाधानकारक कारण नसल्यास, ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 ब खाली पाच वर्षे अपात्र ठरविता येते. बहुधा कागद वेळेत दाखल झाला की दफ्तर बंद होते. परंतु भोकर विधानसभा मतदारसंघाच्या 2009 च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये लोकप्रतिनिधित्व अधिनियमातील अशाच शब्दांचा अर्थ लावताना स्पष्ट केले की, हिशेब केवळ आला की नाही एवढेच नव्हे, तर तो खरा आहे की नाही हेही आयोगास तपासता येते. त्या प्रकरणातील उमेदवाराविरुद्ध आयोगाने पुढे काढलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला हे खरे. पण तपासणीच्या अधिकाराचे तत्त्व त्यामुळे ढळले नाही. मग कलम 14 ब मधील त्याच शब्दांना त्याहून संकुचित अर्थ का द्यावा?

ही तपासणी व्हावी म्हणून कोणीतरी पुराव्यानिशी तक्रार केली पाहिजे, आणि तो पुरावा सरकारी दफ्तरातच असतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय व 150 शब्दांची मर्यादा असल्यामुळे दोन अर्ज करावेत : एकाने उमेदवाराच्या हिशेबाची, जोडलेल्या पावत्यांसह, नक्कल मागावी, दुसऱ्याने त्या प्रभागातील मंजूर कामांची व मक्तेदारांची यादी मागावी. दोन्ही कागद समोर ठेवून नावांची रुजवात घालावी. गाडीचा क्रमांक, मुद्रणालयाचा पत्ता आणि मंडपाच्या पावतीवरील सही या तीन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे, कारण खर्चाचा आकडा जुळविणे सोपे असले तरी पावतीवरचे नाव लपविणे तितके सोपे नसते.

अशी तक्रार कोणाकडे, किती मुदतीत आणि कोणत्या शब्दांत करावी, हे पुढील लेखांकात पाहू.